डोळ्यांतून की पाठीमागून? गेमचा कॅमेरा निवडताना

गेमविषयी विचारणाऱ्यांचा एक प्रश्न दर वेळी वेश बदलून येतो. कोणी विचारतं, ‘बीजीएमआयमध्ये टीपीपी खेळू की एफपीपी?’ कोणी तक्रार करतं, ‘सायबरपंक घेतला, पात्राचे केस आणि चेहरा ठरवण्यात तासभर घालवला, आणि गेम सुरू झाल्यावर ते पात्र दिसतच नाही!’ एखादी आई सांगते, मुलाच्या शेजारी बसून दहा मिनिटं नुसतं बघितलं तरी पोटात ढवळायला लागतं. तिन्ही भानगडी कॅमेऱ्याच्या आहेत.

फर्स्ट पर्सनमध्ये तुम्ही पात्राच्या डोळ्यांतून बघता. स्वतःचे फार तर हात आणि हातातली वस्तू दिसते. थर्ड पर्सनमध्ये कॅमेरा पात्राच्या पाठीमागे असतो आणि पात्र नखशिखान्त दिसतं. बीजीएमआयच्या भाषेत पहिलं एफपीपी, दुसरं टीपीपी. व्याख्या एवढीच पुरे. ‘फर्स्ट पर्सन जास्त खरंखुरं’ हे मात्र डोक्यातून काढून टाका. खऱ्या आयुष्यात डोळ्यांच्या कडेनं दोन्ही बाजूंचं बरंच दिसत असतं आणि पाऊल कुठे पडतंय हे खाली न बघता कळतं. पडद्यावरच्या फर्स्ट पर्सनमध्ये यातलं फार थोडं मिळतं. थर्ड पर्सन कॅमेरा त्यातलं काही भरून देतो. दोन्ही सोयीच आहेत. तुम्हाला कुठली, कधी लागेल एवढंच बघायचं.

आधी बघा: निवड तुमच्या हातात आहे का?

निम्मा गोंधळ इथेच मिटतो, कारण पुष्कळ गेममध्ये निवड नसतेच.

- एकच कॅमेरा असलेले गेम. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक फर्स्ट पर्सन. गॉड ऑफ वॉर (२०१८), एल्डन रिंग, हॉगवर्ट्स लेगसी थर्ड पर्सन. सायबरपंक २०७७ पायी चालताना फक्त फर्स्ट पर्सन आहे. गाडीत बसलात की बाहेरचा कॅमेरा मिळतो. २०२४ च्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलमध्ये बहुतेक वेळ नायकाच्या डोळ्यांतूनच बघायचं असतं. चढण्या-लोंबकळण्याच्या वेळी कॅमेरा बाहेर जातो, पण तो गेम ठरवतो, तुम्ही नाही.
- एका बटनावर बदलणारे. माइनक्राफ्टच्या संगणकावरच्या जावा आवृत्तीत एफ५, स्कायरिममध्ये एफ, जीटीए फाइव्ह आणि रेड डेड रिडम्प्शन २ मध्ये व्ही.
- नंतर सोय झालेले. जीटीए फाइव्ह २०१३ मध्ये आला तेव्हा फर्स्ट पर्सन नव्हतं; ते २०१४ च्या पीएस४ आणि एक्सबॉक्स वन आवृत्तीबरोबर आलं. उलट रेसिडेंट इव्हिल व्हिलेज २०२१ मध्ये फक्त फर्स्ट पर्सन होता, आणि थर्ड पर्सन २०२२ च्या विंटर्स एक्स्पान्शनमध्ये मिळालं. ते एक्स्पान्शन वेगळं घ्यावं लागतं, हे विसरू नका. (गंमत म्हणजे थर्ड पर्सनमध्येही नायकाचा चेहरा बघायला गेलात की तो पाठ फिरवतो.)

नंतर जोडलेला कॅमेरा चालतो, पण गेम मुळात कुठल्या कॅमेऱ्यासाठी बांधला ते जाणवत राहतं. जीटीए फाइव्हमध्ये फर्स्ट पर्सननं शहर बघायला मजा येते. पळापळीच्या मिशनला मी मुकाट थर्ड पर्सनवर येतो. पायी आणि गाडीत वेगवेगळा कॅमेरा ठेवायची सोय त्याच्या सेटिंगमध्ये आहे. ती वापरा.

मग अंगाला विचारा

घाटात तुम्हाला बस लागते का? चालत्या गाडीत मोबाइलवर वाचताना मळमळतं का? उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचे मुद्दे नंतर. डोळे सांगतात आपण धावतोय, वळतोय. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण खुर्चीत बसलोय. हे दोन निरोप जुळले नाहीत की डोकं जड होतं, घाम फुटतो, उमासे येतात. थर्ड पर्सनमध्ये पडद्याच्या मधोमध पात्र असतं, नजरेला टेकायला जागा मिळते, म्हणून अनेकांना त्रास कमी होतो. हमखास मात्र नाही: अरुंद खोलीत भिंतीला अडून झपकन पुढे येणारा थर्ड पर्सन कॅमेराही डोकं फिरवतो. आणि शेजारी बसून बघणाऱ्या आईला खेळणाऱ्या मुलापेक्षा जास्त त्रास का होतो? गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, त्याच कारणानं. कॅमेरा कधी, कुठे वळणार हे मुलाला आधीच माहीत असतं, आईला नसतं.

फर्स्ट पर्सन सोडून देण्याआधी सेटिंगमध्ये पुढचे बदल याच क्रमानं करून बघा:

1. हेड बॉब, कॅमेरा शेक, मोशन ब्लर तिन्ही बंद. चालताना पडदा वरखाली हलवणारा हेड बॉब हा सर्वांत मोठा गुन्हेगार. तो बंद केल्यानं खेळात काहीही बिघडत नाही, बिनधास्त काढा.
2. फील्ड ऑफ व्ह्यू वाढवा. याबद्दल खाली सविस्तर.
3. मधला ठिपका चालू करा. २००८ च्या मिरर्स एजमध्ये छतांवरून धावण्या-उड्या मारण्याचा सगळा खेळ फर्स्ट पर्सनमध्ये होता. खेळणाऱ्यांना गरगरू नये म्हणून पडद्याच्या मध्यावर एक बारीक ठिपका कायम ठेवला होता. आता बऱ्याच गेममध्ये तो पर्याय म्हणून मिळतो.
4. फ्रेमरेट आधी, देखणेपणा नंतर. सावल्या-प्रतिबिंबं कमी करा, पण सेकंदाला ६० फ्रेमच्या आसपास राहा. ३० वर अडखळणारा फर्स्ट पर्सन गेम धडधाकट माणसालाही त्रास देतो.
5. सेन्सिटिव्हिटी कमी करा. कॅमेरा झटक्यानं फिरला की त्रास वाढतो.
6. खोलीत दिवा लावा आणि पडद्यापासून थोडं मागे बसा. पडद्याभोवतीची स्थिर भिंत दिसत राहिली की बरं वाटतं.

एवढं करूनही अर्ध्या तासात मळमळलं तर थांबा. ‘सवय होईल’ म्हणून रेटत राहण्यात शहाणपण नाही. उमासे सुरू झाल्यावर खेळलं की पुढचे दोन-चार तास वाया जातात. सवय होते, पण ती त्रास सुरू व्हायच्या आत उठणाऱ्यांना. द लास्ट ऑफ अस पार्ट २ सारख्या गेममध्ये तर सुलभतेच्या साठाहून अधिक सेटिंग आहेत आणि मोशन सिकनेससाठी स्वतंत्र विभाग आहे. गेम उघडल्यावर खेळायला धावण्याआधी अशा विभागात डोकावून या.

फील्ड ऑफ व्ह्यू: हा आकडा समजून घ्या

गेम एका वेळी किती अंश रुंदीचं जग दाखवतो, तो हा आकडा. २४ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून बघितला तर तो तुमच्या नजरेचा सुमारे ४८ अंश भाग व्यापतो. ४३ इंची टीव्ही अडीच मीटरवरून बघितला तर जेमतेम २२ अंश. त्यामुळे सोफ्यावर बसून खेळायच्या गेममध्ये अरुंद दृश्य चालून जातं; तेच दृश्य टेबलावरच्या मॉनिटरवर जवळून बघितलं की डोळ्यांना झापडं बांधल्यासारखं होतं. त्रासाचं हे फार मोठं कारण असतं आणि बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

फर्स्ट पर्सनमध्ये मॉनिटरवर ९० ते १००, लांबच्या टीव्हीवर ७० ते ८० पासून सुरुवात करा आणि पाच-पाचनं पुढेमागे करत जा. आकडा वाढवण्याची किंमतही असते: लांबचा शत्रू पडद्यावर आणखी बारीक दिसतो, कडा ताणल्यासारख्या होतात, ग्राफिक्स कार्डावर भार वाढतो. काही गेम हा कोन आडवा न मोजता उभा मोजतात, तिथे आकडे लहान असतात. दुसऱ्या गेममधला आकडा डोळे झाकून तिथे टाकू नका. व्हॅलोरंटमध्ये तो कायमचा ठरवलेला आहे, बदलता येत नाही.

हातांना काय काम आहे?

अंगाचं समाधान झालं की कामाकडे या. गेममध्ये सर्वाधिक वेळ तुम्ही काय करणार, यावर कॅमेरा ठरवा.

नेम धरायचा असेल तर फर्स्ट पर्सन. डोळा आणि बंदूक एका रेषेत असतात. थर्ड पर्सनमध्ये कॅमेरा खांद्याच्या मागे, बाजूला असतो आणि गोळी बंदुकीच्या नळीतून निघते. त्यामुळे क्रॉसहेअर (नेमाची खूण) शत्रूवर दिसत असूनही गोळी समोरच्या भिंतीच्या कडेला लागते. नवखे खेळाडू याला ‘लॅग’ म्हणतात.

तलवार, लाथाबुक्की, चौफेर शत्रू असतील तर थर्ड पर्सन. पाठीमागून कोण येतंय, आपला वार कुठवर पोचतोय, लोळण घेतली तर दरीत तर जाणार नाही ना, हे सगळं दिसावं लागतं. एल्डन रिंगसारख्या गेमची फर्स्ट पर्सनमध्ये कल्पनाही करवत नाही. उड्या मारण्याचंही तसंच: आपले पाय दिसले की अंदाज चुकत नाही. डाइंग लाइट किंवा मिरर्स एज हे अपवाद आहेत, पण त्यांनी त्यासाठी सगळा गेम नव्यानं बांधला.

शोधाशोध, खण उघडणं, कागद वाचणं, कोडी सोडवणं यांत फर्स्ट पर्सन उजवं. वस्तूच्या अगदी जवळ जाता येतं आणि स्वतःच्या पात्राची पाठ मध्ये येत नाही. भीतीच्या गेममध्येही तेच. वळणापलीकडे काय आहे हे खरंच दिसू नये, असं वाटत असेल तर एलियन: आयसोलेशन. थोडा दिलासा हवा असेल तर रेसिडेंट इव्हिल २ ची २०१९ ची थर्ड पर्सन आवृत्ती.

गाडी चालवायची असेल तर बाहेरच्या कॅमेऱ्यानं शिका, स्टिअरिंग व्हील घेतलंत की आत या. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये १ दाबलं की केबिन, २ दाबलं की बाहेरून ट्रक. पार्किंगला आरसे जमेपर्यंत २ दाबण्यात कमीपणा नाही.

पहिल्यांदाच कंट्रोलर हातात घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. एका अंगठ्यानं चालायचं आणि दुसऱ्यानं बघायचं, ही कसरत आपल्याला जन्मजात येत असल्यासारखी आपण दुसऱ्याच्या हातात कंट्रोलर देतो, आणि मग ते बिचारे पाच मिनिटं जमिनीकडे नाहीतर आभाळाकडे बघत फिरतात. थर्ड पर्सन कॅमेरा चालवणं हे वेगळं काम आहे. १९९६ च्या सुपर मारिओ ६४ मध्ये तर ते समजावून द्यायला ढगावर बसलेला लाकितू नावाचा कॅमेरामनच दाखवला होता. अशा नवख्यांना आधी कॅमेरा स्वतः सांभाळणारा गेम द्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी: अॅन एन्शंट एपिक (२०२०) यासाठी चांगला: कॅमेरा गेम हलवतो, तुम्ही राजीला चालवायचं आणि लढायचं. चालणं हाताला बसलं की मग दोन अंगठ्यांच्या थर्ड पर्सनकडे, आणि शेवटी फर्स्ट पर्सनकडे.

बीजीएमआय: टीपीपी की एफपीपी?

इथे आवडीनिवडीपेक्षा न्यायाचा प्रश्न मोठा आहे, म्हणून जरा थांबू.

टीपीपीमध्ये तुम्ही भिंतीमागे बसून, अंगाचा एकही भाग बाहेर न काढता, कॅमेरा फिरवून पलीकडे बघू शकता. धावत येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला तो दिसतो. म्हणजे दबा धरून बसलेल्याला टीपीपी झुकतं माप देतो. एफपीपीमध्ये बघायचं असेल तर डोकं बाहेर काढावं लागतं, आणि जो बघतो तो दिसतोही. संगणकावरच्या पबजीत (बीजीएमआय हा तिचाच मोबाइलवरचा भारतीय अवतार) याच तक्रारीनंतर २०१७ मध्ये फक्त फर्स्ट पर्सनचे वेगळे सर्व्हर आले. २०१८ च्या बर्लिनमधल्या जागतिक स्पर्धेत दोन्ही प्रकारांचे वेगळे सामने झाले आणि विजेते संघही वेगळे निघाले: टीपीपीत जेन.जी, एफपीपीत ओएमजी. एकाच गेममधली ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, याला यापेक्षा चांगला पुरावा शोधू नका.

आता निर्णय:

- स्पर्धेत उतरायचं असेल तर टीपीपी. संगणकावरची पबजी स्पर्धा एफपीपीकडे वळली, पण बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धा टीपीपीतच होतात. संघाबरोबर सराव करायचा तर प्रश्नच मिटला.
- नेम सुधारायचा असेल, कोपऱ्यात बसणाऱ्यांना कंटाळला असाल तर एफपीपी. पण तुम्ही खेळता त्या वेळी या मोडमध्ये खेळणारे कमी असले तर सामना जुळायला वेळ लागतो. शेवटी तुमचे मित्र जिथे आहेत तिथे तुम्हीही जाल, हे मी गृहीतच धरतो.
- टीपीपी सामन्यात एफपीपीचं बटन दाबून खेळू नका. फर्स्ट पर्सन फक्त तुमच्यापुरतं होतं. समोरचे सगळे तुमच्याकडे भिंतीआडून बघतच असतात. घराच्या आत, अगदी जवळच्या झटापटीत क्षणभर वापरायचं तर ठीक.

मोड बदलला की सेटिंगही बदला. कॅमेऱ्याची आणि जायरोची (फोन हलवून नेम धरण्याची) सेन्सिटिव्हिटी टीपीपी आणि एफपीपीसाठी वेगळी असते. अनेक जण एक बदलतात आणि दुसरी विसरतात, मग ‘एफपीपीत हातच चालत नाही’ म्हणतात. स्कोप उघडला की टीपीपीतही तुम्ही फर्स्ट पर्सनमध्येच जाता, म्हणून स्कोपच्या सेन्सिटिव्हिटीवर घेतलेली मेहनत दोन्हीकडे कामी येते. टीपीपीत डोळ्याच्या चिन्हाचं बटन पात्र न वळवता आजूबाजूला बघण्यासाठी आहे. धावताना मागे बघायची सवय त्यावर लावा. आणि एसटीत बसून खेळत असाल तर जायरो बंद ठेवा. घाटात गाडी वळली की तुमचा नेमही वळतो.

थर्ड पर्सन शूटरमध्ये कॅमेरा बहुधा उजव्या खांद्यावर असतो. त्यामुळे आडोशाच्या उजव्या कडेनं बघणारा कमी उघडा पडतो आणि डाव्या कडेनं बघणारा जास्त. फोर्टनाइट खेळणारे यावरच आख्ख्या इमारती बांधतात. ज्या गेममध्ये खांदा बदलायचं बटन आहे तिथे ते शोधून ठेवा. नसेल तर आडोसा निवडतानाच तुमची उजवी बाजू बघा.

मॉड लावून कॅमेरा बदलू का?

एकट्यानं खेळायच्या गेममध्ये खुशाल. सायबरपंकला थर्ड पर्सनचे मॉड (चाहत्यांनी बनवलेले बदल) आहेत. हालचाली ओबडधोबड दिसतात आणि गेमचा नवा अपडेट आला की मॉड मोडतो, एवढी तयारी ठेवा, सेव्ह फाइलची प्रत काढून ठेवा. ऑनलाइन गेममध्ये मात्र कॅमेरा लांब नेणारं, दृश्य रुंद करणारं कुठलंही बाहेरचं अॅप किंवा फाइल लावू नका. ‘फक्त व्ह्यू वाढतो, हॅक नाही’ हे यूट्यूबवरचं आश्वासन गेमच्या कंपनीला मान्य नसतं. भिंतीपलीकडचं जास्त दिसणं हा फायदाच आहे, आणि खातं बंद झालं की त्यातल्या विकत घेतलेल्या स्किनही जातात.

घरात मुलं असतील तर

वयाचं रेटिंग गेमला असतं, कॅमेऱ्याला नाही. जीटीए फाइव्हला युरोपच्या पेगी पद्धतीत १८ आहे, मग तो कुठूनही बघा. पण तेच दृश्य डोळ्यांतून बघताना अंगावर येतं, हे मुलाच्या शेजारी बसून एकदा अनुभवा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एखादा गेम द्यावा की नाही अशा काठावर असाल तर यूट्यूबवर त्याचं दृश्य दोन्ही कॅमेऱ्यांतून बघून ठरवा.

पैसे टाकण्याआधी आणि टाकल्यावर

जाहिरातीच्या ट्रेलरवर विसंबू नका. त्यात कॅमेरा सिनेमासारखा फिरतो. ‘गेमप्ले’ असं लिहिलेला, मध्ये न कापलेला पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर बघा. बघतानाच मळमळलं तर उत्तर फुकटात मिळालं. स्टीमच्या पानावर ‘फर्स्ट पर्सन’, ‘थर्ड पर्सन’ असे टॅग असतात, पण ते खेळणारे लोकही लावतात. दोन्ही टॅग दिसले म्हणजे दोन्ही कॅमेरे कायम मिळतात असं नाही. डेमो असेल तर आधी तो.

तरीही फसलात, तर पैसे परत मागता येतात:

- स्टीम: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. ‘कॅमेरा मानवला नाही’ हे कारणही चालतं. पण सुरुवातीचे सिनेमे आणि पात्र सजवण्याचा वेळही त्या दोन तासांत मोजला जातो. सेटिंग आणि कॅमेरा पहिल्या अर्ध्या तासात तपासा. रेड डेड रिडम्प्शन २ चा बर्फातला पहिला भाग संपेपर्यंत ही मुदत हातची जाते.
- एपिक: अट साधारण तशीच, १४ दिवस आणि दोन तास.
- प्लेस्टेशन स्टोअर: १४ दिवस, पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच. घेतल्याबरोबर आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद ठेवा.
- गूगल प्ले: ४८ तासांच्या आत मागणी करा.

दुसऱ्या संकेतस्थळावरून स्वस्तात घेतलेल्या गेमच्या कीला (कोडला) स्टीम पैसे परत देत नाही.

कॅमेरा आवडला नाही, हा कायद्याच्या नजरेत दोष नाही, हे खरं. पण दुकानानं किंवा विक्रीच्या पानानं स्पष्ट सांगितलेली सोय गेममध्ये नसेलच, तर ती फसवणूक ठरू शकते. त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पावती ठेवा, आधी विक्रेत्याकडे लेखी मागणी करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही.

डिस्क घेत असाल तर सील फोडण्याआधी दुकानदाराला बदलून देण्याची अट विचारा. सील फुटल्यावर बहुतेक दुकानं परत घेत नाहीत, पण ती डिस्क तुम्ही जुनी म्हणून विकू शकता. डाउनलोड केलेल्या गेमच्या बाबतीत ती सोय नाही.